वाचक विचारतात: फाशाला खेळाचे नियम कशाला माहीत हवेत?

या वेळी मेलबॉक्समध्ये फासेच फासे पडलेत. बहुतेक सगळीकडे सेमिस्टरचे मिनी प्रोजेक्ट सुरू झालेत आणि मास्तर लोकांना फाशाचा खेळ फार आवडतो, कारण तो छोटा असतो, पोरांना नियम समजावत बसावं लागत नाही आणि तरी त्यात चुका करायला भरपूर जागा असते. मासिकात कोड छापला की मोकळ्या जागा आणि कंस हमखास इकडचे तिकडे होतात, म्हणून कोड जिथे लागेल तिथे साध्या मराठीत लिहितोय, तुम्ही आपापल्या भाषेत उतरवून घ्या. नवख्यांसाठी: क्लास म्हणजे साचा, ऑब्जेक्ट म्हणजे त्या साच्यातून काढलेली वस्तू, इनहेरिटन्स म्हणजे एका क्लासने दुसऱ्याचे गुण वारशाने घेणं, आणि अशा वस्तूंनी प्रोग्राम बांधणं म्हणजे ओओपी.

प्रश्न: दादा नमस्कार. मी बीसीएस सेकंड इयरला आहे. पायथनमध्ये एका फाशाचा खेळ केलाय. नियम असा की आपल्या टर्नला फासा कितीही वेळा टाकायचा, पडेल ते दान त्या टर्नच्या बेरजेत, पण १ पडला की त्या टर्नची सगळी कमाई गेली आणि फासा समोरच्याकडे. मध्येच थांबलं तर कमाई आपल्या खात्यात जमा. आधी १०० करेल तो जिंकला. कोड चालतो पण कधीकधी समोरच्याला आपोआप जास्तीचे पॉइंट मिळतात, का ते सापडत नाहीये. दुसरं म्हणजे सरांनी सांगितलं इनहेरिटन्स दिसलं पाहिजे म्हणून मी फासा हा क्लास खेळाडू या क्लासपासून काढला, तर प्रॅक्टिकलला एक्स्टर्नल (बाहेरून आलेले परीक्षक) म्हणाले ह्यात ओओपी कुठंय? आता क्लास तर आहेत ना! कोड जोडलाय. — एक विद्यार्थी, सांगली

उत्तर: अरे मित्रा, कोड वाचला, दोनदा वाचला, आणि खरं सांगू का, एक्स्टर्नलचं चुकलं नाही. क्लास आहेत पण ते पिशव्यांसारखे आहेत, एका मोठ्या फाइलमधला पसारा उचलून दोन पिशव्यांत भरलाय इतकंच. पण नाराज होऊ नको, माझा पहिला प्रोजेक्ट याहून वाईट होता आणि त्यात तर फासा सुद्धा नव्हता.

आधी इनहेरिटन्सचं बघू. मराठीत दोन वाक्यं म्हणून बघायची, मोठ्याने. "फासा हा एक खेळाडू आहे." आता स्वतःच हसशील. "खेळाडूकडे फासा आहे." हे जरा बरं वाटतं पण तेही पूर्ण खरं नाही, कारण तुमच्या खेळात फासा एकच आहे आणि तो हातोहात फिरतो, घरी लुडो खेळताना कोणी आपापला फासा घेऊन बसत नाही, फासा डब्यातला असतो. म्हणजे फासा खेळाचा. खेळाकडे एक फासा आहे आणि दोन खेळाडू आहेत. पहिलं वाक्य खरं वाटलं तर इनहेरिटन्सचा विचार करायचा, "कडे आहे" वालं खरं वाटलं तर एका ऑब्जेक्टच्या आत दुसरा ठेवायचा. तुझ्या कोडमध्ये फासा खेळाडूपासून निघाल्यामुळे फाशाला नाव आहे, फाशाला स्कोअर आहे, आणि मी गंमत म्हणून बघितलं तर तुझा फासा गेम जिंकू पण शकतो.

आता तुझा तो भुताटकीचा बग. तू टर्नची बेरीज ठेवायला वर एक ग्लोबल व्हेरिएबल, म्हणजे सगळ्या प्रोग्रामला सामायिक असा डबा, केलंय. खेळाडू थांबला की तू ती बेरीज त्याच्या स्कोअरमध्ये टाकतोस आणि मग शून्य करतोस, हे बरोबर. पण १ पडला की तू फक्त टर्न बदलतोस, शून्य करायचं राहिलंय. म्हणजे पहिल्याने ४ आणि ५ टाकले, मग १ पडला, त्याचे ९ बुडायला हवे होते, ते बुडाले नाहीत, ते तिथेच पडून राहिले, दुसऱ्याने येऊन ६ टाकला आणि थांबला तर त्याला ६ च्या ऐवजी १५ मिळाले. तू म्हणतोस "कधीकधी" होतं, ते कधीकधी नाही, प्रत्येक वेळी १ च्या आधी काही कमाई असेल तेव्हा होतं, फक्त दुसऱ्याला पण लगेच १ पडला की लक्षात येत नाही.

एका ओळीत शून्य टाकलंस तर बग जाईल. पण मला तुला दुसरंच सांगायचंय. ही बेरीज कोणाची आहे? खेळाची नाही, कारण खेळ १०० होईपर्यंत चालतो. खेळाडूची पण नाही, त्याचा स्कोअर वेगळा. ती त्या एका टर्नची आहे, टर्न सुरू झाला की जन्मते आणि संपला की तिचं काम संपतं. मग टर्नलाच ऑब्जेक्ट कर की! दर वेळी नवीन टर्न बनवायचा, त्याच्या आत बेरीज शून्यापासून सुरू, संपला की तो टर्न गेला. पुसायचं विसरण्याचा प्रश्नच नाही कारण पुसायला काही उरतच नाही. पाटी पुसण्यापेक्षा दर वेळी कोरं पान घेतल्यासारखं.

साधारण असं होईल:

क्लास फासा
— टाक: १ ते ६ मधला एक आकडा परत दे

क्लास खेळाडू
— नाव, स्कोअर
— अजून टाकू का (टर्नची बेरीज): हो किंवा नाही

क्लास टर्न (फासा, खेळाडू)
— बेरीज = ०
— खेळ: फासा टाक, १ आला तर ० परत दे, नाहीतर बेरजेत मिळव, खेळाडूला विचार अजून टाकू का, नाही म्हणाला तर बेरीज परत दे, हो म्हणाला तर पुन्हा पहिल्यापासून

क्लास खेळ (फासा, खेळाडू)
— कोणाचे तरी १०० होईपर्यंत: नवीन टर्न बनव, त्यातून जे येईल ते त्या खेळाडूच्या स्कोअरमध्ये मिळव, पुढचा खेळाडू

बघ, फाशाचा क्लास किती लहान झाला. त्याला १ वाईट असतो हे माहीतच नाही, त्याला १०० माहीत नाही, त्याला कोण खेळतंय ते माहीत नाही. तुझ्या फाशामध्ये "जर १ आला तर अरेरे छापा" असं लिहिलंय, ते काढ. उद्या हाच फासा सापशिडीला घेतलास तर तिथे १ आल्यावर अरेरे कशाला? कोणती गोष्ट कोणाला माहीत असायला हवी, एवढा एकच प्रश्न प्रत्येक ओळीला विचारत गेलास तर अर्धं डिझाइन आपोआप होतं, बाकी आकृत्या वगैरे जर्नलसाठी काढायच्याच आहेत त्या काढ.

(आणि हो, फाशात तू ० ते ६ घेतलंयस. पायथनच्या रँडइंटमध्ये (रँडम आकडा देणारं फंक्शन) दोन्ही टोकं धरली जातात, म्हणजे तुझा फासा सात बाजूंचा आहे आणि एका बाजूवर भोपळा. जावात त्याच कामाच्या नेक्स्टइंटला ६ दिलं की ० ते ५ येतं आणि १ मिळवावा लागतो, बहुतेक तिथलं इथे मिसळलं असावं. ० पडला तर तुझ्याकडे काहीच होत नाही म्हणून कळलं नाही.)

आता तुझा खरा प्रश्न, ओओपी कुठंय. माझ्या मते ते इथे सुरू होतं. टर्नला फासा हवाय, पण त्याला फक्त एवढंच माहितीय की ह्या वस्तूला "टाक" म्हटलं की आकडा मिळतो. मग त्याला खराच फासा द्यायची गरज नाही. आपण आपला शकुनी देऊ:

क्लास शकुनी (आकड्यांची यादी)
— टाक: यादीतला पुढचा आकडा परत दे

शकुनीला ४, ५, १, ६ अशी यादी द्यायची आणि दोन खेळाडू असे घ्यायचे की पहिला कायम "हो" म्हणतो आणि दुसरा एकदा टाकून "नाही" म्हणतो. पहिल्याला ४, ५ आणि मग १, त्याचे शून्य झाले पाहिजेत. दुसऱ्याला ६, त्याचे ६ झाले पाहिजेत. तुझ्या जुन्या कोडला हीच परीक्षा दिली असती तर पहिल्याच रनला १५ दिसले असते आणि तुला आठवडाभर "कधीकधी" करत बसावं लागलं नसतं. खऱ्या फाशाने खेळ तपासणं म्हणजे दान पडायची वाट बघत बसणं, आपल्याला हवं ते दान हवं तेव्हा पाडायचं असेल तर शकुनीच लागतो. महाभारतात त्याने वाईट काम केलं पण टेस्टिंगला त्याच्यासारखा माणूस नाही.

तसंच खेळाडूचं. एक खेळाडू माणूस, त्याला स्क्रीनवर विचारायचं. दुसरा कॉम्प्युटर, तो हिशोबाने ठरवतो. दोघांना नाव आणि स्कोअर सारखाच, फक्त "अजून टाकू का" चं उत्तर द्यायची पद्धत वेगळी. "कॉम्प्युटर खेळाडू हा एक खेळाडू आहे", म्हणून बघ मोठ्याने, हसू येतंय का? नाही ना. मग इथे कर तुझं इनहेरिटन्स, सर पण खुश, एक्स्टर्नल पण खुश आणि ते खरंच उपयोगाचं पण आहे.

कॉम्प्युटरने कधी थांबायचं हा हिशोब छान आहे म्हणून सांगतोच. समज आत्ता टर्नची बेरीज २० आहे. अजून एकदा टाकलं तर सहातल्या पाच शक्यतांमध्ये २, ३, ४, ५ किंवा ६ मिळणार, त्यांची बेरीज २०, भागिले ६. आणि सहातल्या एका शक्यतेत हातातले २० जाणार, म्हणजे तोटा पण २० भागिले ६. बरोब्बर बरोबरी. २० च्या खाली असेल तर टाकण्यात फायदा, २० च्या वर गेलं की थांबण्यात. म्हणून "वीस झाले की थांब" हा साधा कॉम्प्युटर खेळाडू दोन ओळींत होतो आणि माणसांना बऱ्यापैकी जड जातो. समोरचा ९५ वर पोचला असेल तेव्हा मात्र वीसवर थांबून उपयोग नाही, तिथे जास्त धाडस करावं लागतं, त्यासाठी खेळाडूला समोरच्याचा स्कोअर पण कळवावा लागेल. तो कसा कळवायचा ते तू ठरव, तोच तुझा वायवाचा (तोंडी परीक्षेचा) प्रश्न असं समज.

प्रश्न: दोन फाशांचा खेळ आहे, बेरीज ७ आली तर जिंकलो. मी दोन फासे करण्याऐवजी थेट २ ते १२ मधला रँडम नंबर घेतला, कोड अर्ध्यावर आला, आउटपुट पण तसंच दिसतं. मित्र म्हणतो चूक आहे. त्याला नीट सांगता येत नाहीये का चूक आहे, म्हणून मी तसंच ठेवलंय. — थर्ड इयर, नांदेड

उत्तर: मित्र बरोबर आहे, त्याला एक चहा पाज. दोन फासे टाकले की ३६ जोड्या होतात. ७ यायला १-६, २-५, ३-४ आणि त्यांच्या उलट, अशा ६ जोड्या, म्हणजे ३६ त ६. १२ यायला एकच, ६-६. तुझ्या शॉर्टकटमध्ये २ ते १२ अशा ११ आकड्यांना सगळ्यांना सारखाच चान्स मिळतो. ३६,००० वेळा चालवून बघ, खऱ्या दोन फाशांनी १२ साधारण १,००० वेळा येईल आणि तुझ्या कोडने सव्वातीन हजारांच्या आसपास. आणि ७, जो तुझ्या खेळाचा जीव आहे, तो ६,००० ऐवजी तेवढाच सव्वातीन हजार. म्हणजे तू जिंकण्याची शक्यता जवळपास निम्मी केलीस आणि तुला वाटलं फक्त कोड निम्मा झाला.

टेबलावर दोन फासे आहेत ना, मग मेमरीत पण दोन ऑब्जेक्ट ठेव, दोघांना टाकायला सांग आणि बेरीज कर, ३६ चा हिशोब तुला करावाच लागत नाही, तो आपोआप बरोबर येतो. ऑब्जेक्ट ही कल्पनाच मुळात इथून आली. १९६० च्या दशकात ओस्लोला ओले-योहान डाल आणि क्रिस्टन नायगार्ड ह्या दोघांनी सिम्युला नावाची भाषा केली, नावातच सिम्युलेशन आहे, रांगांसारख्या खऱ्या जगातल्या गोष्टी कॉम्प्युटरवर चालवून बघण्यासाठी. आणि १९६७ च्या आवृत्तीत क्लास, ऑब्जेक्ट, इनहेरिटन्स सगळं आलं. २००१ चं ट्युरिंग अवॉर्ड दोघांना त्याच्यासाठीच मिळालं. आपण मात्र ते "ओओपीचे चार पिलर लिहा, मार्क ८" म्हणून शिकतो.

प्रश्न: माझी मुलगी आठवीत आहे, सुट्टीत सापशिडीचा गेम बनवतेय. तिने सापाचा एक क्लास आणि शिडीचा एक क्लास केलाय पण दोन्हीत कोड अगदी तोच आहे, कॉपी पेस्ट. मला कोडिंग येत नाही पण एवढं कळतं की एकच गोष्ट दोनदा लिहिली की काहीतरी गडबड आहे. तिला काय सांगू? — एक आई, मस्कत

उत्तर: तुम्हाला कोडिंग येत नाही हे मला मान्य नाही, जे तुम्ही पकडलंत ते पकडायला लोकांना नोकरीतली दोन-तीन वर्षं जातात.

मुलीला विचारा, साप काय करतो? एका घरातून उचलतो आणि दुसऱ्या घरात ठेवतो. शिडी काय करते? तेच. एकाचं दुसरं घर खाली, दुसरीचं वर. तेवढाच फरक, आणि तो फरक आकड्यांतच आहे. म्हणजे कॉम्प्युटरच्या दृष्टीने दोन्ही एकच वस्तू, "इथून – तिथे". तिला वेगळे क्लास नकोत, पटाकडे एक साधी यादी पुरे, १७ वरून ७, ४ वरून २५, अशी. सोंगटी ज्या घरात आली ते घर यादीत आहे का बघायचं, असेल तर तिकडे पाठवायचं, झालं. ज्ञानेश्वरांच्या नावाने जो मोक्षपट सांगतात त्यात साप म्हणजे दुर्गुण आणि शिड्या म्हणजे सद्गुण होते, पण बिचाऱ्या पटाला त्यातलं काही कळत नाही, त्याला आपलं घरनंबर कळतो. हां, उद्या तिला सापाने गिळताना आवाज हवा असेल आणि शिडीवर चढताना वेगळं चित्र, तर मग दोघांचं वागणं खरंच वेगळं झालं, तेव्हा दोन क्लास करू दे. आत्ता नको.

अजून एक, १०० वर बरोब्बर पोचायचं की जास्त दान पडलं तरी चालतं की जास्तीचं तेवढं मागे यायचं, आणि ६ पडला की पुन्हा चान्स का, हे प्रत्येक घरात वेगळं असतं आणि ह्यावरून आमच्याकडे मे महिन्यात रीतसर भांडणं व्हायची. हे सगळं तिने खेळाच्या क्लासमध्ये एका जागी लिहावं, फाशात किंवा सोंगटीत नाही. म्हणजे आजोळी गेल्यावर नियम बदलले तर एकाच ठिकाणी हात घालावा लागेल.

प्रश्न: माझा सी प्लस प्लसचा फासा एका रनमध्ये हजार वेळा टाकला तरी एकच आकडा देतो. पुन्हा चालवला की दुसरा आकडा, पण हजारही वेळा तोच. कॉम्प्युटर बिघडलाय का? — डिप्लोमा, जळगाव

उत्तर: कॉम्प्युटर ठणठणीत आहे. तू एसरँड आणि टाइम ही ओळ फाशाच्या टाक मेथडमध्ये लिहिलीयस, म्हणजे दर वेळी फासा टाकला की ती चालते. ती ओळ रँडमची सुरुवात कुठून करायची ते ठरवते आणि टाइम सेकंदात मोजतं. हजार वेळा टाकायला तुझ्या मशीनला सेकंद पण लागत नाही, म्हणजे हजार वेळा तू त्याच जागेवरून सुरुवात केलीस आणि हजार वेळा पहिलाच आकडा घेतलास. पत्ते दर वेळी त्याच क्रमाने लावून वरचं पान उचलल्यासारखं. ती ओळ मेनमध्ये, जिथून प्रोग्राम सुरू होतो तिथे, एकदाच लिही. त्यापेक्षा चांगलं, सी प्लस प्लस ११ पासून आलेलं एमटी१९९३७ हे रँडम आकडे देणारं यंत्र वापर आणि ते फाशाच्या ऑब्जेक्टच्या आत एकदाच, कन्स्ट्रक्टरमध्ये (ऑब्जेक्ट बनताना चालतो तो कोड), तयार करून ठेव. पायथन आतून हेच वापरतं, मात्सुमोतो आणि निशिमुरा ह्या दोन जपानी गणितज्ञांचं काम आहे ते. खेळाला उत्तम, पण पैसे लावायच्या गोष्टीला चालत नाही, पुरेसे आकडे बघितले की पुढचे ओळखता येतात. तू पैसे लावणार नाहीस असं धरून चालतो.

प्रश्न: फासा ६,००० वेळा टाकला, ३ हा आकडा १,०३१ वेळा आला आणि ५ फक्त ९७२ वेळा. फासा खोटा आहे का? — पुणे

उत्तर: नाही. १,००० च्या आसपास तीसेक इकडे तिकडे हे रोजचंच आहे, साठ पर्यंत पण चालतं. उलट सहाही आकडे बरोब्बर १,००० आले असते तर मी तुझा कोड मागवला असता.

प्रश्न: माझ्या आजीला गेम खेळायला दिला, तिच्या फोनवर मराठी कीबोर्ड आहे, तिने किती फासे म्हणून इंग्रजी 2 च्या जागी मराठी २ टाइप केला. मला वाटलं क्रॅश होईल पण पायथनने गपचूप घेतला. असं कसं? — कोल्हापूर

उत्तर: पायथनचं इंट (टाइप केलेल्या अक्षराचा आकडा करणारं) देवनागरी आकडे पण ओळखतं, ते मुद्दाम केलेलं आहे, तिसऱ्या आवृत्तीत तर व्हेरिएबलचं नाव पण तू फासा असं देवनागरीत देऊ शकतोस. गंमत उलट्या बाजूला आहे. तू पुढे मेनूसाठी जिथे आकड्यात न बदलता थेट अक्षर म्हणून तुलना केलीयस, "१ दाबा खेळायला" तिथे, आजीचा मराठी १ आणि तुझा इंग्रजी १ वेगळे पडतील आणि आजीला खेळच सुरू करता येणार नाही. तिथे पण आधी इंट करून घे आणि तिला परत फोन दे.